चित्रकलेचा तास गणिताला देऊ नका

दहावीचा निकाल लागला की खारघरच्या आमच्या सोसायटीत पेढ्यांबरोबर एक प्रश्नही घरोघर फिरतो, 'पुढे काय? सायन्स की कॉमर्स?' परवा शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "मला डिझाइन शिकायचंय." घरात क्षणभर शांतता पसरली. मग बाबा म्हणाले, "ते ठीक आहे गं, पण पोटापाण्याचं काय?"

बाबांची काळजी खोटी नाही. पण ज्या शहरात आपण ही काळजी करतो, ते शहरच मुळी आधी कागदावर उमटले. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईची आखणी सुरू झाली. बेलापूरचे आर्टिस्ट व्हिलेज चार्ल्स कोरियांनी रेखाटले. संगणकावर वर्षानुवर्षे आपण ज्या 'मंगल' अक्षरांत मराठी वाचत आलो, ती र. कृ. जोशींनी घडवली. २०१० साली स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह पवईच्या आय.आय.टी.त डिझाइन शिकलेल्या डी. उदयकुमार यांचे. चित्रकला म्हणजे रिकामपणाचा उद्योग, हे आता कोणी म्हणू नये.

मुंबईत १८५७ पासून जे.जे. आहे आणि आपल्या खारघरलाच 'निफ्ट' आहे. नावात फॅशन असल्याने तिथे केवळ नखरे शिकवतात, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात मुले तिथे कापड, विणकाम आणि वापराच्या वस्तू यांचा चार वर्षे अभ्यास करतात. कारागिरांच्या गावी जाऊन त्यांचे काम समजून घेतात.

खरी अडचण प्रवेशाची आहे. लेखी परीक्षेनंतर मुलांच्या हाती साहित्य देऊन त्यातून जागच्या जागी काही घडवायला सांगतात. ही दृष्टी दोन महिन्यांच्या क्लासने येत नाही. ती लहानपणापासून हाताने काम करता करता येते. इथून फार लांब नसलेल्या पेणला गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारे हात पाहा. तशा हाताच्या मुलाला अशा संस्थेचे दार उघडे आहे का? लाखांच्या घरातली फी आणि इंग्रजीचा धसका यांपुढे त्याचे कसब उंबरठ्यावरच थबकते. बहुतेकदा तर असे काही शिक्षण असते, हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

ते सांगायची पहिली जागा म्हणजे शाळा. पण तिथे पोर्शन उरला की पहिला बळी चित्रकलेच्या तासाचा! एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा आपण दहावीच्या वाढीव गुणांपुरत्या देतो आणि रंगपेटी माळ्यावर टाकतो.

सरकारने शिष्यवृत्त्या वाढवाव्यात, संस्थांनी आसपासच्या मराठी शाळांत जाऊन मुले हेरावीत, हे तर हवेच. पण पालकांनीही पुढच्या पालक सभेत गणिताच्या गुणांबरोबर एवढे विचारावे, की 'बाई, या आठवड्यात चित्रकलेचा तास झाला का?'