आतड्यातले मन, हाडांतले गोत

हवाई भाषेतील ‘नाआऊ’ या शब्दाचा अर्थ आतडे असा आहे, आणि मन, अंतःकरण, बुद्धी असाही आहे. ज्ञानी मनुष्याला तेथे ‘नाआउआओ’ म्हणतात, म्हणजे ज्याच्या आतड्यात उजाडले आहे असा. अज्ञानी तो ‘नाआउपो’. त्याच्या आतड्यात अजून रात्र आहे. मराठी वाचकाला हे अगदीच परके वाटू नये. मराठीतही आतडे तुटते, भयाने पोटात गोळा येतो, तळमळीला पोटतिडीक म्हणतात. परंतु मराठीतील आतड्याला माया कळते, विद्या कळत नाही. विद्येसाठी ही भाषा डोक्याकडे वळते. हवाई भाषेने ही वाटणी केलेली नाही. न्यूझीलंडमधील माओरी भाषेचा ‘ङाकाऊ’ हा शब्दही शरीराच्या आतले अवयव आणि भावनांचे स्थान अशा दोन्ही अर्थांनी वापरला जातो.

शरीर आणि ‘स्व’ यांचे हे ऐक्य त्वचेपाशी थांबत नाही, हे अधिक महत्त्वाचे. हवाई परंपरेत ‘पिको’ तीन मानले जातात: टाळू, बेंबी आणि जननेंद्रिय. पहिल्याने मनुष्य पूर्वजांशी जोडलेला असतो, दुसऱ्याने मातापित्यांशी, तिसऱ्याने वंशजांशी. ‘इवी’ म्हणजे हाड. आणि ‘कुलाइवी’, म्हणजे हाडांचे मैदान, हा जन्मभूमीसाठीचा शब्द आहे. (येथील ‘कुला’चा संस्कृत ‘कुल’शी काहीही संबंध नाही. असे साम्य पाहून मोहरून जाण्याचे परिणाम पुढे दिसतीलच.) माओरीत तर ‘इवी’ हाच शब्द हाड आणि जमात या दोन्हींसाठी आहे. ज्या माणसाची अशी घडण आहे त्याच्या ‘आत’ शिरणे म्हणजे त्याच्या गोतात शिरणे होय.

या विचारविश्वातील तीन शब्दांचे विसाव्या शतकात जे झाले, त्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी लक्ष देणे आवश्यक आहे. ‘ऊहाने’ म्हणजे जीव; तो झोपेत डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून बाहेर पडून हिंडतो आणि त्याचे हिंडणे हेच स्वप्न. ‘उनिहिपिली’ म्हणजे मृताचा आत्मा, जो त्याच्या जपून ठेवलेल्या हाडांत वा केसांत वास करतो. ‘आउमाकुआ’ म्हणजे देवत्व पावलेला कुळाचा पूर्वज, जो शार्क, घुबड अशा रूपांत भेटतो. मॅक्स फ्रीडम लाँग हा अमेरिकन गृहस्थ 1917 साली शिक्षक म्हणून हवाईत आला. जाणत्यांकडून त्याला फारसे काही कळले नाही. पुढे कॅलिफोर्नियात गेल्यावर त्याने शब्दकोशातील शब्दांचे तुकडे पाडून एक गुप्तविद्या ‘शोधून’ काढली आणि तिला ‘हुना’ असे नाव दिले. त्याची पुस्तके 1936 आणि 1948 साली आली. त्यांत उनिहिपिली झाले अंतर्मन, ऊहाने झाले जागृत मन आणि आउमाकुआ झाले अतिमन. मृत व्यक्ती, पूर्वज, शार्क, हाडे हे सारे एका एकट्या माणसाच्या कवटीत बंद झाले.

लाँगच्या पद्धतीचा पाया किती कच्चा होता हे भाषाशास्त्र सहज दाखवते. ‘काहुना’ म्हणजे गुप्त (‘हुना’) ज्ञानाचा राखणदार, असे त्याचे म्हणणे. वस्तुतः काहुना म्हणजे कोणत्याही विद्येत वा कारागिरीत निष्णात व्यक्ती. नाव बांधणाराही काहुनाच. माओरीत हाच शब्द ‘तोहुङा’ आहे, सामोअनमध्ये ‘तुफुङा’. लपवणे या अर्थाचा माओरी शब्द मात्र ‘हुना’ असाच आहे. त्यात ‘न’ आहे, ‘ङ’ नाही. हवाई भाषेत ‘न’ आणि ‘ङ’ हे दोन ध्वनी एकरूप झाले, म्हणून दोन निराळे शब्द सारखे ऐकू येतात, एवढेच त्या रहस्याचे रहस्य! शेजारच्या बेटावरचा शब्दकोश उघडला असता तरी ही विद्या जन्मास आली नसती.

तरीही हुनाची पुस्तके हाती घेणाऱ्या भारतीय वाचकाला ती ओळखीची वाटतात आणि ‘हे तर आपलेच’ असे तो समाधानाने म्हणतो. या समाधानाची चिकित्सा झाली पाहिजे. लाँगची मांडणी ‘न्यू थॉट’ आणि थिऑसफी यांच्या वळणाची आहे, आणि थिऑसफीने आपली पुष्कळशी सामग्री भारतीय दर्शनांतून उचललेली होती. त्यामुळे भारतीय वाचकाला येथे जे भेटते ते पॉलिनेशिया नव्हे. फिरून परत आलेले स्वतःचेच प्रतिबिंब आहे.

हा केवळ पांडित्याचा वाद नाही. 1893 साली हवाईचे राज्य उलथवले गेले. 1896 च्या कायद्याने शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरले. हवाई भाषेला राज्यभाषेचा दर्जा पुन्हा मिळाला तो 1978 साली. मधल्या काळात ती भाषा बोलणाऱ्यांची मुले तिला दुरावत असताना तिचे निवडक शब्द जगभर मंत्रासारखे पसरत होते. भाषा गेली आणि शब्द राहिले, यापरते दुर्दैव कोणते?

मेरी कावेना पुकुई (1895–1986) यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहावे. काऊ प्रदेशात आजीपाशी वाढलेल्या या विदुषीने 1957 साली सॅम्युएल एल्बर्ट यांच्यासह हवाई शब्दकोश प्रसिद्ध केला. 1972 साली ‘नाना इ के कुमू’ या ग्रंथाचा पहिला खंड आला. त्याच्या सहलेखकांत एक मनोविकारतज्ज्ञही होते. मनोविश्लेषणाची परिभाषा याही ग्रंथात आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु येथे तुलना शब्दाचा पूर्ण अर्थ मांडून झाल्यावर येते, त्याच्या जागी येत नाही.

‘होओपोनोपोनो’ या विधीचे त्यांनी केलेले वर्णन याची साक्ष देते. कुटुंब एकत्र बसते. वडीलधारी व्यक्ती प्रार्थनेने आरंभ करते. दुखणे कोणाच्याही शरीरात असो, गुंता सर्वांमध्ये आहे असे गृहीत असते. तो थरामागून थर सोलून काढायचा; राग अनावर होऊ नये म्हणून एकमेकांशी न बोलता मध्यस्थाशी बोलायचे; प्रसंगी सर्वांनी मौन धरायचे. मग चुकीची कबुली, आणि दोन्ही बाजूंनी एकमेकांना मोकळे करणे. शेवटी सर्वांनी मिळून जेवायचे. आज त्याच नावाने जगभर जी साधना शिकवली जाते, ती मनुष्याने एकट्याने बसून काही वाक्ये मनात घोळवण्याची आहे. तिने कोणाला शांती लाभत नसेल असे नाही. पण ज्याच्याशी भांडण झाले तो भाऊ तेथे उपस्थित नसतो, आणि त्याने क्षमा करावी की न करावी हा त्याचा अधिकारही उरत नाही.

मराठी अनुवादकाने येथे निदान तीन गोष्टी पाळाव्यात. ‘उनिहिपिली’साठी ‘अंतर्मन’ लिहू नये. शब्द तसाच ठेवून त्याची हाडे वाचकाला दाखवावीत. ‘आउमाकुआ’साठी ‘परमात्मा’ तर मुळीच नको. मूळपुरुष, कुलदैवत यांच्या जवळपास कोठेतरी त्याची जागा शोधावी लागेल, आणि तीही शार्कसकट. ‘नाआऊ’ला मात्र ‘आतडे’ हाच शब्द चालेल. त्यात उजेड पडतो हे वाक्य मराठीत प्रथम खटकेल, ते खटकू द्यावे.