श्रेष्ठ खेळाडू कोण?

१९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी नगरीत ऑलिंपिक सामने भरले होते. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी तेथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळविलेले ते पहिलेच ऑलिंपिक पदक होय. त्याच सामन्यांत झेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने आठ दिवसांच्या अवधीत दहा हजार मीटर, पाच हजार मीटर आणि मॅरेथॉन या तीनही शर्यती जिंकल्या. मॅरेथॉन तर तो आयुष्यात प्रथमच धावत होता! या दोघांत श्रेष्ठ कोण?

पदके मोजणारा मनुष्य चटकन झाटोपेकचे नाव घेईल. परंतु धावपटूला अनेक शर्यतींत उतरता येते; कुस्तीगीर आपल्या वजनगटात लढतो आणि तेथे सर्वांना चीत केले तरी सुवर्णपदक एकच. बरे, झाटोपेकला आखाड्यात उतरविले असते तर? किंवा खाशाबांना बेचाळीस किलोमीटर धावविले असते तर? दोघेही हरले असते, आणि त्यावरून काहीच सिद्ध झाले नसते. धावताना झाटोपेकची मान हेलकावे घेई, चेहरा वेदनेने पिळवटल्यासारखा दिसे. जिम्नॅस्टिक्सप्रमाणे धावण्याच्या डौलाला गुण असते, तर तो बिचारा तळाशीच राहिला असता.

शरीरसुद्धा सर्व कामांना सारखेच योग्य नसते. स्नायूंतील काही तंतू झटकन आकुंचन पावतात, मोठा जोर लावतात आणि लवकर थकतात; काही सावकाश काम करतात, पण दीर्घकाळ टिकतात. शंभर मीटर धावणाऱ्याला पहिले हवेत, मॅरेथॉन धावणाऱ्याला दुसरे. एकाचे बळ ते दुसऱ्याचे ओझे.

तरीही माणसाची तुलनेची हौस फिटत नाही. तिच्यासाठी एक शर्यतच निर्माण झाली, ती म्हणजे डेकॅथलॉन. धावणे, उड्या, गोळा, थाळी, भाला असे दहा प्रकार एकाच खेळाडूने दोन दिवसांत करावयाचे. प्रत्येक प्रकारातील कामगिरीचे कोष्टकावरून गुण काढावयाचे आणि त्यांची बेरीज करावयाची. हिच्या विजेत्याला जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणण्याचा प्रघात आहे.

१९६० साली रोम येथे या स्पर्धेत अमेरिकेचा रेफर जॉन्सन व तैवानचा यांग चुआन-क्वांग यांची झुंज झाली. दोघे एकाच विद्यापीठात, एकाच मार्गदर्शकाच्या हाताखाली शिकणारे मित्र. दहापैकी सात प्रकारांत यांग जॉन्सनच्या पुढे होता. गोळा, थाळी आणि भाला एवढ्या तिहींतच जॉन्सन सरस ठरला. पण तेथे त्याने इतके गुण मिळविले की अखेरीस जॉन्सन ८३९२ आणि यांग ८३३४ अशी बेरीज झाली. सात वेळा जिंकलेला हरला आणि तीन वेळा जिंकलेला विजयी झाला. नियमाप्रमाणे हे अगदी यथायोग्य होते. मात्र कोण किती प्रकारांत पुढे राहिला एवढेच पाहिले असते, तर निकाल उलट लागला असता.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. १९६३ साली यांगने ९१२१ गुणांचा विश्वविक्रम केला. त्यानंतर गुणांचे नवे कोष्टक अमलात आले आणि त्याच कामगिरीचे गुण ८०८९ झाले! यांगचे पाऊल कोठेही चुकले नव्हते, तरी हजाराहून अधिक गुण गेले. बांबूउडीत तो अतिशय उंच जाई आणि जुने कोष्टक अशा असामान्य उडीला भरघोस गुण देई. नव्याने ती उदारता आवरली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये यांग पाचवा आला. त्या अपयशाचे सारे खापर कोष्टकावर फोडणे न्यायाचे होणार नाही. परंतु धावण्यातील एक सेकंद आणि गोळाफेकीतील काही अंगुळे यांचे मोल कागद-लेखणी घेऊन बसलेली माणसे ठरवितात, हे यावरून स्पष्ट होते.

म्हणून तुलना करूच नये काय? अवश्य करावी. तिच्यात गंमत आहे, आणि वादामुळे खेळाची जाणही वाढते. मात्र कोणत्या मापाने मोजले, हे मोजणाऱ्याने आधी सांगितले पाहिजे.

शाळांच्या क्रीडामहोत्सवांत हे सहसा घडत नाही. धावणे आणि उड्या यांतील गुणांची बेरीज होते व ‘सर्वोत्कृष्ट खेळाडू’ अशी ढाल एकाला मिळते. मल्लखांबावर लीलया फिरणारा मुलगा, खो-खोत चपळाईने हुलकावणी देणारी मुलगी टाळ्या वाजवून घरी जातात, आणि आपण खेळाडू नव्हेच अशी समजूत करून घेतात. बारा वर्षांच्या वयात झालेली अशी समजूत पुष्कळदा मैदान कायमचे सोडावयास लावते. ढाल देण्यास कोणाची हरकत नसावी. तिच्यावर ‘धावणे व उड्या यांत सर्वाधिक गुण’ असे कोरावे. त्याला अक्षरे थोडी अधिक लागतील, इतकेच.