सलाईनचा आग्रह आणि पुरावा

जुलाब झाले की आपल्याकडे 'सलाईन लावा' हाच आग्रह असतो. बाटली लटकली की नातेवाइकांना हायसे वाटते. १९७१ साली बंगालमधील बनगावच्या निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज मिसळलेले पाणी पाजले. सुमारे ३० टक्के असलेला मृत्युदर ४ टक्क्यांखाली आला. अत्यवस्थ रुग्णाला सलाईन लागतेच; पण बहुतेकांना हे पाणी पुरते. पुराव्यावर आधारित उपचाराचा अर्थ मी एवढाच घेतो की, डॉक्टरचा दबदबा आणि औषधाची किंमत बाजूला ठेवून किती रुग्ण वाचले ते मोजायचे. म्हणून 'याला आधार काय?' असे डॉक्टरांना विचारण्यात उद्धटपणा कसला? तो रुग्णाचा हक्कच आहे.