अर्धी मालकीण कोणत्या रकान्यात?
सदर : पेडणे महाल

समान नागरी कायद्याचा विषय देशात कुठेही निघाला की बोट गोव्याकडे जातं. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका निकालात गोव्याचा दाखला गौरवाने दिला. २०२४ मध्ये उत्तराखंडने आपला कायदा केला तेव्हा पुन्हा आमचंच नाव. हा गौरव पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आमच्याकडे जे चालत आलं, त्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्नाच्या दिवसापासून नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, अर्धी त्याची आणि अर्धी तिची. मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो. आईवडिलांनी मनात आणलं तरी मुलांना निम्म्या इस्टेटीपासून तोडता येत नाही. याच कायद्याच्या पोटात १८८० ची हिंदू रूढींची संहिताही आहे. ठरावीक वयापर्यंत बायकोला मूल किंवा मुलगा झाला नाही तर नवऱ्याला दुसऱ्या लग्नाची वाट तिने ठेवली आहे. ती आता कोण वापरतो, म्हणून विषय बाजूला सारला जातो. मला तो सारावासा वाटत नाही, त्यावर पुढे कधीतरी स्वतंत्र लिहीन. आज बोलायचं आहे ते त्या अर्ध्या वाट्याबद्दल, आणि तेही तेरेखोलात उभं राहून.

तेरेखोल पेडणे तालुक्यातलं, पण नदीच्या पलीकडचं गाव. जमिनीवरून चालत निघालात तर महाराष्ट्रात पोचाल, वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीला. गोव्यात यायचं तर केरीची फेरीबोट. सुकतीला वाळू वर आली की फेरी थांबते आणि मग रेडी, शिरोडा, आरोंदा करत किरणपाणीच्या पुलावरून वळसा. सावंतवाडीकरांचा इथला किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला, म्हणून नदीच्या उत्तरेचा हा तुकडा गोव्यात राहिला. त्या एका लढाईचा परिणाम आजही इथल्या बाईच्या हक्कावर आहे. रेडीत लग्न करून गेलेल्या मुलीला नवरा हयात असेपर्यंत त्याच्या जमिनीत मालकी नसते. हाकेच्या अंतरावरच्या तेरेखोलात ती पहिल्या दिवसापासून निम्म्याची धनीण. वाचायला फार छान वाटतं. मी विद्यापीठात राज्यशास्त्र शिकते, परीक्षेत हे उत्तर लिहून मी चांगले गुणही मिळवले आहेत.

गेल्या पावसाळ्यात फेरीत एक काकी शेजारी बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, आत कागदांची चळत. वरचा कागद एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा, उतारा. घडीवर फाटत आलेला, चिकटपट्टीने जोडलेला. "बाय, हांगा कितें बरयलां तें वाच मगे," म्हणाल्या. कुळाच्या रकान्यात सासऱ्यांचं नाव होतं. सासरे जाऊन कित्येक वर्षं झालेली, त्यानंतर नवराही गेला. मी नाव वाचून दाखवलं. त्यांनी कागदावरून बोट खालपर्यंत नेलं आणि विचारलं, "आनी म्हजें?" त्यांचं नाव कुठेच नव्हतं. त्या शेतात लावणी त्यांनी केली, बेणणी त्यांनी केली, काजूच्या दिवसांत पहाटे उठून बोंडं वेचली, बिया सुकवून विकल्या. माहेरच्या जागेचं काय झालं, असं मी विचारलं. "सय कर म्हणलें, केली." एवढंच.

गोव्यात स्थावर मालमत्ता विकायची तर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. तिच्या संमतीवाचून व्यवहार होत नाही. भावाला वडिलांची जागा एकट्याच्या नावावर हवी असेल तर बहिणींना हक्कत्यागाच्या लेखावर सही द्यावी लागते, बहिणींच्या नवऱ्यांनाही. म्हणजे कायद्याने तिच्या सहीला मोल दिलं आहे. पण त्या सहीपर्यंत ती कशी पोचते, हे कायदा विचारत नाही. चतुर्थीला माहेरी आलेल्या बहिणीसमोर कागद येतो. मजकूर इंग्रजीत, ठिकाण तालुक्याच्या गावी, गाडी भावाची. नाही म्हटलं तर पुढच्या चतुर्थीला या घरात पाऊल ठेवता येईल की नाही, हा हिशेब तिच्या डोक्यात चालू असतो. हो म्हटलं तर चांगली बहीण. अशा सहीला स्वेच्छेची सही म्हणायचं?

आमचा पेडणे तालुका भाटकारांचा, म्हणजे जमीनमालकांचा, आणि कुळांचा. त्यामुळे जमिनीचा न्याय म्हणजे काय, हे इथल्या लोकांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर पेडण्याचे. त्यांच्या सरकारने १९६४ चा कूळकायदा आणला. १९७३ मध्ये ते गेल्यावर त्यांची कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. जन्म पेडण्यातला, विधानसभेत पाठवणारी डिचोली. गोव्याला आजवर लाभलेल्या त्या एकमेव महिला मुख्यमंत्री. भाटकाराच्या जमिनीत घर असलेल्या मुंडकाराला घरातून हुसकावण्यापासून वाचवणारा १९७५ चा कायदा आणि कुळाला जमिनीचा मालक मानणारी १९७६ ची दुरुस्ती ताईंच्या कारकिर्दीतली. भाटकारासमोर मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या माणसांना या कायद्यांनी ताठ केलं. आमच्या घराच्या भिंती आज आमच्या आहेत त्या याच कायद्यांमुळे, आणि हे ऋण मी कधी नाकारणार नाही. पण त्याच दशकात भूमापन होऊन एक-चौदा तयार झाले तेव्हा कुळाच्या रकान्यात घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव लागलं. भाटकाराशी झालेल्या भांडणात न्याय मिळाला. घरातला वाटा कागदावर उतरला नाही. मुख्यमंत्रिपदी बाई असतानाही नाही.

याची किंमत आता कळते आहे, कारण आता जमिनीला गिऱ्हाईक आहे. तेरेखोलात दहा-बारा वर्षांपूर्वी गोल्फ मैदान आणि आलिशान हॉटेलच्या प्रकल्पावरून गाव पेटून उठला. कुळांचं म्हणणं होतं की पिढ्यान्‌पिढ्या आम्ही कसतो, आम्हाला डावलून ही जमीन विकली कशी गेली. प्रकरण न्यायालयात आणि हरित लवादापर्यंत गेलं. यंत्रं गावात आली तेव्हा लोक आडवे झाले, त्यांत बायकाही होत्या. काजूचं झाड पडतं तेव्हा कुणाच्या घरचा कोणता महिना उपाशी जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. पण मामलेदाराची नोटीस रेकॉर्डवर असलेल्या नावाने येते. रस्त्यावर उभी राहिलेली बाई त्या नोटिशीत नसते.

त्याच सुमारास, २०१४ मध्ये, कूळकायद्यात दुरुस्ती झाली आणि कूळ-मुंडकारांचे खटले मामलेदाराकडून दिवाणी न्यायालयाकडे न्यायचं ठरलं. आंदोलनं झाली, पुढे सरकारला हा फेरा उलटा फिरवावा लागला. त्या वेळच्या सभांत वकिलाच्या फीबद्दल पुष्कळ बोललं गेलं. तेरेखोलच्या विधवेला तारखेला जायचं तर सकाळची फेरी, केरीहून बस, मग दुसरी बस आणि परत येताना सुकती लागली तर रात्र कुठे काढायची, याबद्दल फार कुणी बोललं नाही. न्याय किती लांब आहे हे बाईसाठी किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही, घरी संध्याकाळी चूल कोण पेटवणार तेही त्यात धरावं लागतं.

मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि पेडण्यातल्या वाड्यावाड्यांतून दलाल फिरू लागले. ते ओसरीवर बसतात, पुरुषांशी बोलतात. आतून चहा येतो. चहा आणणाऱ्या बाईला कायद्याने त्या सौद्यात नकाराधिकार आहे, आणि त्या बैठकीत हे तिला सांगणारं कुणी नसतं. डोंगर विकला जाऊ नये, शेतं राहावीत म्हणून पेडण्यात मोर्चे निघतात, मीही त्यांत जाते. पर्यावरणाची चळवळ करणाऱ्या माझ्या मित्रांना मी हेच सांगत आले आहे की गावागावातल्या बायकांना या नकाराधिकाराची माहिती झाली तर निम्मे सौदे ओसरीवरच अडतील.

सुरुवात कुठून करायची, याचा एक धडा महाराष्ट्रात आहे. १९८६ मध्ये चांदवडला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम निघाली. शेतकऱ्याने आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा, सातबारावर तिचं नाव लावायचं. त्या मोहिमेवर टीका करता येईल, पुरुषाच्या मोठेपणावर ती फार विसंबली होती असं मलाही वाटतं. पण तिथे हक्क कायद्यात नव्हता, तो मनधरणीने मिळवावा लागला. आमच्याकडे हक्क कायद्यात आहे आणि मनधरणी होते ती सोडून देण्यासाठी.

राजकारण म्हणाल तर तिथेही हेच. गोवामुक्तीच्या लढ्यात ६ एप्रिल १९५५ ला म्हापशात सुधाताई जोशींनी गोवा काँग्रेसच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद घेतलं आणि तिथूनच त्यांना पकडून नेलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला पत्रादेवीच्या सीमेवर सहोदराबाई राय यांनी हातात झेंडा धरून गोळी झेलली. आणि २०२२ च्या निवडणुकीत गोव्याच्या ४० आमदारांत महिला निवडून आल्या त्या ३. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत, गोव्यात अजून एक तृतीयांश. म्हणजे तेरेखोलच्या बाईला मालमत्तेत रेडीच्या बाईपेक्षा जास्त हक्क, आणि पंचायतीत रेडीच्या बाईपेक्षा कमी जागा. संसद आणि विधानसभेतल्या आरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण त्याला जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट आहे. तोवर थांबा म्हणणाऱ्यांनी निदान पंचायतीतला निम्मा वाटा तरी द्यावा. त्यासाठी पणजीत विधेयक आणलं की पुरे.

हे लिहिलं की घरं फोडायला निघालात, असं ऐकावं लागतं. वर्गातही ऐकलं आहे, घरीही. मला विचारावंसं वाटतं, बहिणीने गप्प राहून सही केल्यावर जे टिकतं ते कुणाचं घर? भावाबहिणीचं नातं खरंच जपायचं असेल तर कागद तिच्या हातात चार दिवस आधी द्या, मराठीत किंवा कोंकणीत वाचून दाखवा आणि ती नाही म्हणाली तरी चतुर्थीला बोलवा. नोटरीने हक्कत्याग नोंदवण्याआधी तिला एकटीला आत बसवून विचारावं, भाऊ आणि नवरा बाहेर थांबले तर काही बिघडत नाही. प्रत्येक लग्नाची नोंद तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे आधीपासून आहे, एक-चौदाही सरकारचाच आहे. कुणाचंही नाव नव्याने चढवायचा अर्ज येईल तेव्हा जोडीदाराचं नाव सोबत लावण्याचं परिपत्रक महसूल खात्याला काढता येईल. आणि केरी-तेरेखोल पंचायतीने वर्षातली एक ग्रामसभा नदीपलीकडे तेरेखोलातच घ्यावी, रविवारी दुपारी, प्रार्थना आणि जेवण आटोपल्यावर.

– शर्वरी