गळ टाकायचे साडेतीन हजार

आमच्या घरी मासे घेताना घासाघीस करणं हे धर्मकृत्य मानलं जातं. त्यामुळे मासा मिळेलच याची खात्री नसताना माणशी साडेतीन हजार मोजून तळ्यावर जायचं, आणि मिळालाच तर तो परत पाण्यात सोडून रिकाम्या हाताने घरी यायचं, हे आईला समजावताना माझी जी अवस्था झाली ती तुम्ही ओळखू शकता. क्लायंटला 'हा बग नाही, फीचर आहे' असं सांगताना होते तीच. बाबांनी मात्र एकच प्रश्न विचारला, "पैसे कुणाला मिळाले?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. या वीकएंडला त्याच्यावरच लिहितोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमच्या टीममधला एक जण दोन वर्षं डॅलसला ऑनसाइट होता. परत आल्यापासून त्याचं एकच पालुपद, 'बास फिशिंग'. डॅलसच्या पूर्वेला साधारण सव्वाशे किलोमीटरवर लेक फोर्क नावाचा तलाव आहे. बास या माशासाठी तो अख्ख्या अमेरिकेत नावाजलेला. टेक्सासचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा म्हणजे सव्वाआठ किलोचा, तिथेच जानेवारी १९९२ मध्ये गळाला लागला. तिथे जाऊन तुम्ही दिवसाचे चार-पाचशे डॉलर देऊन गाइड ठरवता. बोट त्याची, गळ त्याचे, आणि मुख्य म्हणजे डोकं त्याचं. आज वारा कुठला, पाणी किती गार, मासा खोल गेलाय की काठाच्या झुडपात बसलाय, हे तो सांगणार. तुम्ही फक्त दांडी धरायची. गाइडला राज्य सरकारचं लायसन्स लागतं. १६ ते २४ इंचांच्या मधला बास घरी नेता येत नाही, सोडावाच लागतो. २४ इंचांच्या वरचा दिवसाला एकच.

मला या सगळ्यात रस वाटला तो एका वेगळ्याच गोष्टीमुळे. लेक फोर्क हा नैसर्गिक तलाव नाही. १९८० मध्ये पूर्ण झालेलं ते धरणाचं पाणी आहे, आणि त्या पाण्यावर डॅलस शहराचाही हक्क आहे. म्हणजे शहर पाणी पितं आणि काठावरची माणसं बासवर जगतात. आता आपल्या शहापूरकडे बघा. तानसा धरण १८९२ चं, लांबी पावणेतीन किलोमीटरच्या वर, लॉर्ड लॅन्सडाउनच्या हस्ते उद्घाटन झालेलं. दर पावसाळ्यात 'तानसा भरून वाहू लागला' ही बातमी वाचून आपण मुंबई-ठाणेकर सुस्कारा सोडतो. मुंबईच्या सातही तलावांचं मिळून जेवढं पाणी, त्याचा दहावा हिस्सा एकट्या तानसाचा. आणि काठावरच्या पाड्यांना त्यातलं काय? उन्हाळ्यात टँकर.

असो. तर 'आपल्याकडे असं काही का नाही' या पालुपदाला कंटाळून शोधाशोध केली, आणि निघालं की आहे. बास नाही, पण मरळ आहे.

मरळीबद्दल थोडं लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. बासची आणि हिची जात वेगळी, पण स्वभाव सख्ख्या बहिणीसारखा. कमळाच्या पानांखाली, शेवाळाच्या कडेला दबा धरून बसायचं आणि बेडूक, छोटा मासा, काहीही समोरून गेलं की झडप. शिवाय मरळीला कल्ले पुरत नाहीत. तिला दर थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. पाण्याखाली कोंडून ठेवलीत तर ती चक्क गुदमरते. म्हणूनच बाजारात ती ओल्या टोपलीत तासन्‌तास जिवंत असते. पावसाळ्यात अंडी घालते आणि पिल्लांची राखण करते. पिल्लांचा लालसर-नारिंगी घोळका पाण्याच्या वरच्या थरात फिरत असतो आणि खाली आई-बाप पहारा देतात. (जाता जाता गंमत. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात क्रॉफ्टन गावच्या एका तळ्यात मरळीचे चिनी भाऊबंद सापडले, तर त्यांनी घाबरून त्या तळ्यात विष घातलं. आणि त्यांचा लाडका बास १९२५ साली जपानात नेऊन सोडला, तो तिथल्या सरकारला आता डोकेदुखी झालाय. पाहुणा कोण आणि घुसखोर कोण, हे तळं ठरवतं.)

तर गेल्या मार्चमध्ये आम्ही चौघं गेलो. तळं मुरबाडकडचं, एक पाझर तलाव. नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढच्या रविवारी तिथे वीस गाड्या नकोत. नेणारी एक 'ॲडव्हेंचर' कंपनी. त्यांचा पोरगा चुणचुणीत होता. दांड्या, रबरी बेडूक, टोपी, कांदेपोहे, फोटो, सगळं वेळेवर. पण पाण्यावर नेणारे वेगळे. पन्नाशीचे, कातकरी समाजाचे, सगळे त्यांना मामा म्हणत होते म्हणून आम्हीही मामा म्हणालो. त्यांनी आमची चकचकीत दांडी हातात घेऊन पाहिली, परत दिली, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, "सायेब, तुमची सावली पान्यावर पडतेय. जरा मागं सरा."

पुढचे चार तास म्हणजे शिकवणी होती. सूर्य पाठीशी नको. काठावर पाय आपटायचा नाही. बुडबुडे दिसले की लगेच गळ टाकायचा नाही, कारण सगळे बुडबुडे मरळीचे नसतात, चिखलातूनही येतात. मरळ हवा घेते तेव्हा पाणी 'टुप्‌' करतं आणि एक गोल वळसा उमटतो. तो कुठे उमटला ते लक्षात ठेवायचं, कारण दहा-पंधरा मिनिटांनी ती बहुतेक तिथेच परत येते. रबरी बेडूक पानावर टाकायचा, थोडा थांबवायचा, मग हलकेच पाण्यात सरकू द्यायचा. झडप बसली की आमचा हात आपोआप झटका मारायचा, आणि दरवेळी बेडूक तोंडातून सुटायचा. मामा म्हणाले, "तिला गिळू द्या. तुमी लई घाईचे." ती घाई डेडलाइनवाल्यांच्या हाडात भिनलेली असते, त्याला इलाज नाही.

चौघांत मिळून दोन मरळी लागल्या. एक हाताच्या कोपरापर्यंत भरेल एवढी. मामांनी ओल्या हाताने धरून गरी सोडवली आणि काठाजवळ उथळ पाण्यात ठेवली. ती क्षणभर तशीच राहिली, मग एकदम नाहीशी.

परतताना मी मामांना बाबांचाच प्रश्न विचारला. तुम्हाला किती मिळतात? चारशे. आणि तलाव ज्या मच्छीमार संस्थेने इजाऱ्याने घेतलाय, मामा जिचे सभासद, तिला? "संस्थेला काय, म्हाईत नाय."

चौघांचे चौदा हजार. त्यातले चारशे, म्हणजे तीन टक्केसुद्धा नाहीत. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे मामांच्या डोक्यातल्या चाळीस वर्षांच्या पाण्याची किंमत मातीकामापेक्षा ८८ रुपयांनी जास्त.

इथे कुणी म्हणेल, कंपनीलाही खर्च असतो. असतो ना. जाहिरात, सामान, गाडी, पोहे, आणि कुणी पाण्यात पडला तर निस्तरणं. मला ते सगळं मान्य आहे. पण कॅन्टीनमध्ये आपण रोज काय बोलत असतो? क्लायंटला आपल्या एका तासाचे इतके डॉलर लावतात आणि आपल्या हातात त्यातले किती पडतात! बिलिंग रेट हा शब्द काढला की ज्यांचं रक्त उकळतं, त्यांनी तरी हे गणित एका फटक्यात ओळखायला हवं. मामा म्हणजे ऑफशोअर रिसोर्स. फरक एवढाच की त्यांना ॲप्रेझल नाही. आणि उरलेल्या रकमेत आपण विकत घेतो काय? टोपी आणि फोटो. त्या पोराला त्या दिवशी ताप आला असता तरी ट्रिप झाली असती. मामा आले नसते, तर आम्ही चौघं तळ्याकाठी पोहे खाऊन घरी आलो असतो.

लेक फोर्कवर गाइड हाच धंद्याचा मालक असतो. बोट त्याची, लायसन्स त्याच्या नावाचं, जाहिरातीत नाव त्याचं. 'आपल्याकडे असं काही का नाही' याचं खरं उत्तर बोटीत आणि सोनारमध्ये नाही, इथे आहे.

आता माझा डॅलसवाला मित्र म्हणतो, मग हे थेट तानसावरच का सुरू करू नये? केवढं पाणी, काय देखावा! माझं मत स्पष्ट आहे: नको. धरण मुंबई महापालिकेचं, पिण्याच्या पाण्याचं. भोवतालचं तीनशेच्या वर चौरस किलोमीटर जंगल १९७० पासून अभयारण्य. वन्यजीव कायद्यातल्या 'प्राणी' या शब्दात २००२ च्या दुरुस्तीनंतर मासेही येतात. म्हणजे अभयारण्यात गळ टाकणं ही गंमत राहत नाही, आणि 'मी परत सोडतो ना' हा बचावही होत नाही. कर्नाटकात कावेरीवर भीमेश्वरी, गालिबोरे, दोड्डमकाळी इथे महासीरसाठी सरकारी कॅम्प होते, देशोदेशीचे लोक यायचे. अभयारण्याची हद्द म्हणून २०१२ च्या सुमारास तिथली गळाची मासेमारी थांबली. गळवाल्यांचं म्हणणं असं की गाइड म्हणून जगणारे स्थानिक लोकच नदीचे राखणदार होते, त्यांच्यात कधीकाळचे चोरटे मासेमारही होते. ते गेल्यावर सुरुंगवाल्यांना रान मोकळं. हा मुद्दा मला बिनतोड वाटतो, आणि तरीही तानसासाठी मी तो वापरणार नाही. एकदा शहरवाल्यांच्या बोटी आत गेल्या की त्यांच्या मागून रिसॉर्ट येतं आणि मामा पुन्हा चारशेवर.

मध्य प्रदेशातलं तवा धरणही मला इथे आठवतं. धरणाने उठवलेल्या आदिवासींच्या सहकारी संघाला तिथे १९९६ मध्ये मासेमारीचा हक्क मिळाला. दहा वर्षं त्यांनी तो स्वतः चालवला. २००६ च्या शेवटी करार संपला. पाणी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतं म्हणून तो पुन्हा झालाच नाही. वाघ वाचवायलाच हवेत. पण नियमाचा भार दरवेळी ज्याचं घर आधीच पाण्याखाली गेलंय त्याच्याच डोक्यावर का यावा, याचं उत्तर मला कुणी देत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. तानसा मिटून राहू दे. पण शहापूर-मुरबाडमध्ये अभयारण्याच्या हद्दीबाहेर गावतळी आणि पाझर तलाव आहेत. जिथे एखाद्या संस्थेकडे इजारा आहे, तिथे दरवर्षी बोटुकली सोडली जाते, कटला-रोहू जाळ्याने काढून किलोच्या भावाने जातो. त्याच पाण्यात आठवड्याला चार शहरी माणसांना गळ टाकू द्यायला संस्थेला काहीच खर्च नाही. मासा किलोने विकला तर एकदाच विकला जातो, सोडून दिलेली मरळ मात्र पुढच्या रविवारीही असते. दर संस्थेने ठरवावा, गाइड संस्थेने नेमावा, पावती संस्थेच्या नावाने फाडावी. कंपन्यांना यायचं तर येऊ दे, पण संस्थेचं गिऱ्हाईक म्हणून. शिवाय तळ्यावर दर रविवारी ज्याचं पोट भरतंय असा माणूस बसला असेल, तर रात्री विष कालवायला किंवा जिलेटिन फोडायला येणाऱ्यांना जरा तरी वचक बसेल. पाण्यात विष घालू नये, सुरुंग लावू नये हा कायदा १८९७ पासून आहे. उणीव आहे ती बघणाऱ्याची.

आणि आपण काय करायचं? ट्रिप बुक करण्याआधी दोनच गोष्टी विचारायच्या. तलाव कुणाच्या इजाऱ्यात आहे, आणि पाण्यावर नेणाऱ्याला किती देता. पहिल्याचं उत्तर आलं नाही तर जायचंच नाही. दुसऱ्याचं आलं नाही तर थेट गाइडला गाठायचं. जून ते सप्टेंबर मरळीला हात लावायचा नाही. पाण्यावर नारिंगी घोळका दिसला आणि त्याच्या मधोमध गळ टाकून राखण करणारी आई काढायची कुणाला हुक्की आली, तर त्याला गाडीत नेऊन बसवायचं. ते फार सोपं असतं, ती पिल्लं सोडून हलत नाही.

आम्ही येत्या फेब्रुवारीअखेर परत जातोय, या वेळी तिघंच. दांड्या आमच्या, डबे घरचे. संस्थेच्या सचिवांशी बोलून तळ्याचे माणशी दोनशे ठरलेत, पावतीसह. मामांच्या पाड्यावर रेंज नाही, त्यामुळे नाक्यावरच्या दुकानात निरोप ठेवावा लागला. दोन दिवसांनी त्यांचा दुकानातूनच फोन आला. मी सांगितलं, दिवसाचे पंधराशे. पलीकडे जरा वेळ शांतता. मग मामा म्हणाले, "पंधराशे? किती मान्सांचे?"