नाचणी सत्त्वाला साखर वर्गणीची!

रानभाजी महोत्सवांची छायाचित्रे याही आठवड्यात पाहिली. टाकळा, कुर्डू, करटोली, भारंगी टोपल्यांत मांडलेल्या, मागे भलामोठा फलक आणि पुढे सत्काराच्या शाली पांघरलेले मान्यवर. स्थानिक खा, पौष्टिक खा, हा उपदेश ओघाने आलाच. पण ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पालिका शाळांत दुपारी जेवणाऱ्या मुलांच्या ताटात जिल्ह्यात पिकलेले काय पडते, हे त्या मंचावरच्या एकाने तरी विचारले का?

पहिली ते पाचवीच्या मुलामागे आहाराचा दर 6 रुपये 78 पैसे. तोही 1 मे 2025 पासून वाढवलेला! तांदूळ केंद्राकडून येतो. डाळ, भाजी, तेल, मसाला आणि गॅस मात्र याच 6 रुपये 78 पैशांत बसवायचे. डोंबिवली स्टेशनबाहेर एवढ्यात कटिंग चहासुद्धा येत नाही. नियमाप्रमाणे ताटात 50 ग्रॅम भाजी हवी. पावसाळ्यातल्या भाजीच्या भावात ती भाजी कोणती असणार हे सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही. घरोघरी महिन्याअखेरीला असते तीच, बटाटा.

नाचणीची थट्टा तर याहून मोठी. राज्यात तीन पदार्थांच्या शालेय आहाराचा गाजावाजा झाला तेव्हा पाककृतींच्या यादीत नाचणी सत्त्व आले. जानेवारी 2025 मध्ये ते ऐच्छिक झाले आणि त्यासाठी लागणारी साखर लोकसहभागातून मिळवा असे शाळांना सांगण्यात आले. अंड्यांचा जादा निधीही त्याच सुमारास बंद झाला. म्हणजे मुख्याध्यापिकेने आता साखरेसाठी वर्गणी काढायची! 2025-26 चा नाचणीचा हमीभाव क्विंटलला 4,886 रुपये. एका मुलाला 20 ग्रॅम नाचणी दिली तर धान्याची किंमत पुरता एक रुपयाही होत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. आणि ही नाचणी काही परमुलखातून आणायची नाही. मुरबाड-शहापूरच्या माळावर आदिवासी शेतकरी ती पिढ्यान्‌पिढ्या पिकवत आहेत. त्याच तालुक्यांतली भेंडी विमानाने आखातात आणि युरोपात जाते. तासाभरावरच्या कल्याणच्या शाळेत मात्र तिला जाता येत नाही, यावर विश्वास कसा ठेवायचा?

पुरवठ्याची खात्री काय, शेतकरी रोज माल आणून देईल का, हे प्रश्न येणारच. परदेशातला व्यापारी खात्री मागतो तेव्हा ती मिळते. शाळेसाठी कोणी मागितलेलीच नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2021 मध्ये शालेय आहाराची पीएम पोषण योजना मंजूर केली तेव्हाच शेतकरी उत्पादक कंपन्या आणि महिला बचत गटांना सोबत घ्या, स्थानिक पदार्थ वापरा असे म्हटले होते. म्हणजे परवानगीचा प्रश्न नाही. ब्राझीलने 2009 मध्ये कायदाच केला की शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशांपैकी किमान 30 टक्के रक्कम छोट्या शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च झाली पाहिजे. तीस टक्के राहू द्या. आठवड्यातून दोन दिवस जिल्ह्यातली भाजी आणि एक दिवस नाचणी, एवढी अट शाळांना जेवण पुरवणाऱ्या स्वयंपाकगृहांच्या करारात घाला आणि दोन्ही महापालिकांनी आपल्या तिजोरीतून मुलामागे रोज दोन रुपये द्यावेत. उड्डाणपुलाखालच्या रोषणाईला पैसे मिळतात, तसे यालाही मिळतील. भाजी कुठून आली आणि काय भावाने घेतली, हे शाळेच्या फळ्यावर लिहा. पालक वाचतील.

स्थानिक भाजीचा विषय निघालाच आहे म्हणून आणखी एक. आम्हा लोकलवाल्यांना रोज दिसणारी स्थानिक भाजी म्हणजे रुळांकडेची, गटाराच्या पाण्यावर तरारलेली पालक आणि माठ. रेल्वेने पडीक जमीन राखण्यासाठी लागवडीला दिली, हे समजू शकते. पण तिथे कोणते पाणी जाते ते खिडकीतून प्रत्येक प्रवाशाला दिसते आणि अधिकाऱ्यांनाच दिसत नाही. उद्या 'स्थानिक'च्या नावाखाली हीच जुडी स्वस्त म्हणून शाळेच्या पातेल्यात पडू नये. या भाजीचे नमुने शेवटचे कधी तपासले आणि त्यात काय निघाले, याचा अहवाल रेल्वेने आणि अन्न व औषध प्रशासनाने महोत्सवांच्या पुढच्या हंगामाआधी प्रसिद्ध करावा.

— एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)