टीव्हीजवळचा जुना संगणक घोंघावतोय? पंखा बदलण्याआधी हे करा

जुना डेस्कटॉप टीव्हीला जोडून चित्रपट पाहणे खिशाला परवडते. पण चित्रपटातल्या शांत प्रसंगात पंखा घोंघावू लागला, की अनेक जण नवा पंखा, नाहीतर नवा संगणकच घेतात. हा खर्च बरेचदा टाळता येतो.

आवाज हे लक्षण आहे. मूळ दुखणे उष्णतेचे. हीटसिंकमधली धूळ काढावी, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी. टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात संगणक ठेवू नये. तिथे तीच गरम हवा फिरत राहते.

व्हिडिओचा प्रकारही महत्त्वाचा. इंटेलच्या सहाव्या पिढीआधीच्या बहुतेक प्रोसेसरमध्ये एचईव्हीसी व्हिडिओसाठी पूर्ण हार्डवेअर सोय नाही. सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि तो तापतो. अशा संगणकावर एच.२६४ फाइल निवडावी.

एवढे करूनही आवाज राहिला, तरच पंख्याकडे वळावे. कॅबिनेटमध्ये जागा असल्यास ८० ऐवजी १२० मिमीचा पंखा लावावा. मोठा पंखा कमी वेगाने फिरूनही तेवढीच हवा ढकलतो. पंख्याची वायर काढून मिळवलेली शांतता मात्र महागात पडते.